सहा प्रार्थनांचा राउंड

३ जून, मंगळवार

टिल्ल्या,

प्रभूमध्ये सलाम वगैरे नंतर. आधी सांग, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?

तू उपास-प्रार्थनेला जाऊन बसलायस त्या एकांतगृहाच्या कारभारीण बाईंचं पत्र आज आलं. अक्षर मोत्यासारखं, मजकूर मात्र असा. एकवीस दिवस तू नुसत्या पाण्यावर आहेस. चाळीस करणार म्हणतोस. वजन शेहेचाळीस किलो. जिना उतरताना दोनदा पडलास, दुसऱ्या वेळी भुवई फुटली, चार टाके पडले आणि टाके घालताना भूल नको म्हणालास. बाई लिहितात, 'तुमच्या भावाची भक्ती पाहून आम्हांला भीती वाटते.' त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, असंच चाललं तर चाळिसावा दिवस उजाडायच्या आधी हृदय बंद पडेल. त्यावर तू काय म्हणालास, तर 'देहाचं काय एवढं!'

देहाचं काय एवढं? हे तू म्हणतोस? ज्याच्या उजव्या ठोशाने बॅगेची शिवण उसवायची आणि मला दर महिन्याला दाभण घेऊन बसावं लागायचं, तो तू?

वर चर्चचं देऊळ आणि तळघरात बाबांची बॉक्सिंगची तालीम, त्यात आपण वाढलो. वर पाळकसाहेब देहाला नावं ठेवायचे, खाली बाबा त्याच देहाकडून घाम काढायचे, आणि रविवारी दोघं एकाच बाकावर बसून गायचे. बाबांनी तालमीत घड्याळ लावू दिलं नाही. लढणाऱ्याचं लक्ष काट्यावर जातं म्हणायचे. सहा वेळा प्रभूची प्रार्थना म्हणजे तीन मिनिटांचा एक राउंड. मी स्टुलावर बसून मोठ्याने म्हणायचे, सहाव्या आमेनला लोखंडी नळीवर पाना मारायचे आणि रिंगमधले हात खाली यायचे. दहा वर्षांची होते तेव्हापासून मोजलं. एकदा स्पर्धेचे पंच स्वतःचं घड्याळ घेऊन शेजारी बसले होते. दोन सेकंदांचा फरक निघाला, तर बाबा त्यांना म्हणाले, घड्याळ दुरुस्त करून घ्या. तू किती हसला होतास तेव्हा.

इथलं ठीक. बाबा आता काठीशिवाय चालत नाहीत. माझी धुलाईखान्यातली नोकरी चालू आहे, हॉस्पिटलच्या चादरी काही संपत नाहीत. डावरा आहे तसाच आहे. त्याला 'नवरा' म्हणायला अजूनही तोंड वळत नाही. तालमीत सगळे डावरा म्हणायचे, तेच बसलं. उजवी बाजू गेलेलीच, जीभ जड, दिवसाला चार शब्द. पाठीला जखम होऊ दिलेली नाही.

पुढच्या महिन्यात त्या अपघाताला अकरा वर्षं होतील. अपघातच तो. सराव चालू होता, राउंड चालू होता, पोलिसांनीही तसंच लिहून नेलं. तू मात्र अकरा वर्षं स्वतःला खात बसलास. आता खायला उरलंय काय?

काहीतरी पोटात घाल आणि उत्तर पाठव.

ताई


७ जून, शनिवार

टिल्ल्या,

उत्तर नाही. एकांतगृहाच्या कचेरीत फोन केला. बाई म्हणाल्या, पत्र दाराखालून आत सरकवलंय, तुम्ही लिहीत राहा. म्हणून लिहितेय.

गेल्या रविवारी बाहेरून एक प्रचारक आले होते. भर उपासनेत त्यांनी मला उभं केलं. 'ही बहीण पाहा. अकरा वर्षं लुळ्या पतीची सेवा. सहनशीलता शिकायची तर हिच्याकडून.' सगळी मंडळी माझ्याकडे वळली. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं नम्रता. खरं म्हणजे हातातलं गीतांचं पुस्तक फेकून मारावंसं वाटत होतं आणि कुणाला मारू ते कळत नव्हतं.

तू कोणाच्या नावाने उपाशी मरतोयस ते मला माहीत आहे. एका बिचाऱ्या माणसाला तू मोडलंस असं तुला वाटतं. मग ऐक. तो मला मारायचा एवढंच तुला ठाऊक आहे, तेही त्या अपघाताच्या दिवशी कळलं. कसा मारायचा ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

आधी तो हाताला पट्टी बांधायचा. जेवणाच्या टेबलाशी बसून, सामन्याआधी बांधतात तशी, बोटांच्या मधून, मनगटाभोवती, सावकाश. स्पर्धा जवळ असली की हात दुखावून चालणार नाही ना! मी भांडी घासत असायचे आणि मागून पट्टी उलगडण्याचा आवाज यायचा. गॅस बंद करायचे, विळी-सुऱ्या कपाटात टाकायचे, आणि भिंतीला पाठ लावून उभी राहायचे. भिंतीला टेकलं की पडत नाही माणूस. तो बरगड्यांखाली मारायचा, उजवीकडे, जिथे एक बसला की श्वास परत यायला वेळ लागतो. तोंडावर नाही. रविवारी मंडळीत जायचं असायचं. मारून झालं की पट्टी गुंडाळून ठेवायचा आणि प्रार्थनेला बसायचा, मोठ्याने.

बाबांना सांगितलं. लग्नाला चौथा महिना होता. बाबा रडले. त्याला बोलावलं, गुडघ्यावर बसवलं, पश्चात्ताप करून घेतला आणि म्हणाले, नुसत्या जिभेचा पश्चात्ताप पश्चात्ताप नसतो, देहालाही कळू दे. दोनशे जोर मारायला लावले. डावऱ्याने मुकाट्याने मारले. घाम पुसत माझ्यासमोर येऊन 'चुकलो' म्हणाला. मला खरं वाटलं रे.

पुढच्या वेळी पुन्हा दोनशे. मग अडीचशे. तीन वर्षं हेच चाललं. तो मला मारायचा, बाबा त्याच्याकडून जोर मारून घ्यायचे आणि त्याच्या दंडांना आणखी पीळ चढायचा. शेवटी शेवटी शर्टाची बटणं लागेनात. मी एकदा चिडून बाबांना म्हणाले, 'बाबा, तुम्ही त्याला शिक्षा करताय की माझ्यासाठी तयार करताय?' तर म्हणाले, तूही त्याच्यासाठी तीन दिवस उपास धर. धरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने पट्टी काढली. रिकाम्या पोटावर मार वेगळा लागतो, हे तेव्हा कळलं.

बाबा वाईट नव्हते. प्रार्थना आणि कसरत, त्यांच्याकडे दोनच औषधं होती, आणि दोन्ही ते मनापासून द्यायचे. त्यांच्या तालमीतली शंभर माणसं त्यावर सुधारली. हा नाही सुधारला.

म्हणून म्हणते, बिचारा नव्हता तो. त्याच्यापायी जीव देऊ नकोस. सूप तरी घे.

ताई


१० जून, मंगळवार

टिल्ल्या,

आज अक्षर नीट येत नाहीये, लावून वाच.

डावऱ्याचे पाय रोज सकाळी हलवावे लागतात, नाहीतर सांधे धरतात. गुडघा वाकवून एक प्रार्थना होईपर्यंत धरायचा, मग सरळ. असं सहा वेळा. मला दुसऱ्या कशाने मोजताच येत नाही. काल सहावं आमेन म्हणून पाय खाली ठेवला, तर त्याने डाव्या हाताने माझं मनगट पकडलं. त्या हातात अजून जोर आहे. आणि म्हणाला, 'नऊ.'

मी म्हटलं, सहाच असतात.

त्याने मान हलवली. जीभ वळायला वेळ लागत होता, ओठाच्या कडेने लाळ येत होती, पण मनगट सोडेना. 'त्या... दिवशी. नऊ.'

तालमीत सगळे मोजायचे, टिल्ल्या. मार खाताना तर जास्तच मोजायचे, अजून किती उरल्या म्हणून. अकरा वर्षं या माणसाच्या डोक्यात तो आकडा होता आणि सांगायला जीभ नव्हती. मग त्याने हात सोडला आणि खिडकीकडे तोंड केलं. मी कामावर गेले आणि इस्त्रीच्या रोलरमध्ये चादरींचा गठ्ठा जाळला. मुकादम म्हणाला, ताई, घरी जा.

हो. तुला हे सांगायला हवं. बाबांनी विचारलं, किती झाल्या होत्या, तेव्हा मी म्हणाले, सहावी चालू होती. पोलिसांनाही तेच सांगितलं. ते खोटं होतं. राउंड लांबला होता. मी घाबरले होते, माझी मोजणी चुकली. खरं सांगितलं असतं तर सरावाचा राउंड म्हणून त्यांनी सोडलं नसतं, तुला आत टाकलं असतं.

तेव्हा तीन मिनिटांत एका माणसाची राख केली म्हणून जे स्वतःच्या हातांना शिव्या देत बसलायस ते बंद कर. जास्त वेळ होता. माझ्या चुकीमुळे होता. दोष माझ्याकडे दे आणि जेव.

ताई


११ जून, बुधवार

टिल्ल्या,

काल पुन्हा खोटंच लिहिलं. मी मोजण्यात कधीच चुकले नाही.

त्या शनिवारी बाबा आणि पाळकसाहेब दफनविधीला गेले होते. तालमीत आपण तिघंच. डावऱ्याने सकाळी पट्टी न बांधताच मारलं होतं, उघड्या हाताने, उजव्या कानावर. मी कानाला रुमाल धरून जमीन पुसत होते. तू आलास. रुमाल बाजूला केलास. रक्त पाहिलंस आणि विचारलंस, 'कोणी?' मी पहिल्यांदा तोंड उघडलं. त्या कानाने आजही मला ऐकू येत नाही.

तू ओरडला नाहीस. हातांना पट्ट्या बांधल्यास आणि माझ्याजवळ येऊन हळू म्हणालास, 'ताई, एकच राउंड. सहाव्या आमेनला पाना मार. मला आज माझा भरवसा नाही, तुझा आहे.' मग त्याला म्हणालास, या, हात गरम करू. तो हसला. मेहुण्याला चार ठोसे देऊन घरी पाठवू, असं वाटलं असेल त्याला.

पहिल्या प्रार्थनेत तुम्ही नुसते फिरत होतात. दुसरीत त्याचा डावा तुझ्या जबड्यावर बसला आणि तुझा ओठ फाटला. तिसरीत तू आत घुसलास आणि उजवीकडे बरगड्यांखाली मारलंस, बरोबर तिथेच. मला त्याचा श्वास अडकल्याचं ऐकू आलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की माझा आवाज चढला. चौथीत त्याचं नाक गेलं. जमिनीवर रक्ताचे थेंब पडले, तुझे पाय त्यावरून घसरत होते. पाचवीत तो दोरांना टेकला आणि माझ्याकडे बघायला लागला. तुझ्याकडे नाही, माझ्याकडे. मला ती नजर ओळखीची होती. मीही भिंतीला टेकून कित्येकदा तशीच बघायचे.

सहावी संपली. आमेन म्हणाले. पाना हातात होता. हात वर उचललाही होता.

आणि माझं तोंड पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

मला कळत होतं, टिल्ल्या. शुद्धीवर होते. सातवीत त्याचे गुडघे वाकले. आठवीत दातांवरचं रबर बाहेर पडलं, हात खाली आले, आणि तू त्याच्या उघड्या तोंडावर मारत होतास. प्रार्थनेत क्षमेची ओळ येते ना, तिथे मी हळू व्हायचे. त्या तिन्ही वेळा ती ओळ मी चावून चावून म्हटली. वेळ काढण्यासाठी. नववीत त्याचं डोकं मागे गेलं आणि खांबाच्या लोखंडावर आपटलं. तो आवाज झाल्यावर मी पाना मारला.

तो मरायला हवा होता मला. माझ्यात मारायची ताकद नव्हती, तुझ्यात होती. तू तुझा राग माझ्या हवाली केलास आणि मी तो वापरला. तोंडाने प्रार्थना म्हणत.

तुला वाचवायला खोटं बोलले, हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. त्यात तू वाचलास हे खरं. पण आधी मी स्वतःला वाचवलं.

आता तरी समजलं ना कोणी केलं ते? तू केलं नाहीस. उपास सोड. रजा टाकली आहे. डावऱ्याजवळ शेजारीण बसेल. शुक्रवारी तुझ्याकडे पोहोचते.

ताई


१५ जून, रविवार
(एकांतगृहाच्या पाहुण्यांच्या खोलीतून)

टिल्ल्या,

तू पलीकडच्या खोलीत झोपला आहेस आणि मी पत्र लिहितेय, वेडीच म्हणायची. पण डॉक्टर म्हणाले, शुक्रवारचं तुला कदाचित काहीच आठवणार नाही. म्हणून लिहून उशाशी ठेवते.

माझी चारही पत्रं तुझ्या दाराच्या आत तशीच पडली होती. न फोडलेली. चाळीस दिवस पत्र वाचायचं नाही असंही व्रत घेतलं होतंस म्हणे. मला इतका संताप आला! मी दारावर लाथ मारली. उघडलं नाहीस. मग बाहेर लाद्यांवर बसले आणि तारखेपासून सहीपर्यंत सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं, फाटक्या आवाजात. आजूबाजूच्या खोल्यांतली मौन धरलेली माणसं दारात येऊन उभी राहिली. कारभारीण बाईंनी मला खुर्ची आणून दिली आणि स्वतः खाली बसल्या.

'नऊ' म्हणाले आणि कडी निघाली.

तू दारात. अरे, तुझे डोळे तेवढे ओळखले मी. बाकी हँगरला लावलेला सदरा. तू माझ्याकडे पाहिलंस, डावा पाय पुढे टाकलास, खांदा वळवलास आणि मला मारलंस. उजवा, सरळ, गालाच्या हाडावर. बाबांनी शिकवला तसाच्या तसा. आणि लागला नाही रे. काहीच लागलं नाही. मला मार कळतो, त्याचं वजन कळतं, आणि तुझ्या त्या ठोशात वजनच नव्हतं. मी लाद्यांवर बसून मोठमोठ्याने रडले, त्या सगळ्या मौनी माणसांसमोर. बाईंना वाटलं मला लागलंय, त्या पाणी आणायला धावल्या.

मग तू बोललास. हे तुला आठवत नसलं तर वाच. म्हणालास, 'मला माहीत होतं. मीही मोजत होतो, ताई. सातवी सुरू झाली तेव्हाच कळलं. वाटलं, ताई घाबरून चुकली. म्हटलं, बरं झालं. ती पाना मारेपर्यंत मारायचं.'

एवढं बोलून तू चौकटीवर कोसळलास. भुवईचे टाके उसवले.

सलाईन लावलं. काल दुपारी शुद्धीवर आलास, सुई दिसली, आणि उपटून काढलीस. भिंतीवर रक्ताची चिळकांडी उडाली. दोन माणसांनी तुला धरलं, त्यातल्या माळ्याच्या हाताला तू कडकडून चावलास. 'एकतीस झालेत, नऊ राहिलेत,' ओरडत होतास. शेवटी झोपेचं इंजेक्शन दिलं. आता मी आत येऊन बसले तर तू भिंतीकडे तोंड करतोस.

बरं. आता माझं ऐक.

मी कशासाठी आले होते, तर सगळं माझ्या डोक्यावर घ्यायचं आणि तुला मोकळं करायचं. ते काही जमलं नाही. दोघंही सारखेच निघालो. तुला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, आणि त्या तीन प्रार्थनांमध्ये आपल्यापैकी कुणालाही थांबता आलं असतं. ते आता कुठल्या उपासाने धुऊन निघेल? तू म्हणतोस, देहाला मारतोय म्हणजे आत्मा वर येईल. अरे, तू बॉक्सिंग सोडलंसच कुठे? समोर आता स्वतःला उभं केलंयस एवढंच, आणि या वेळी पाना मारायला कुणीही नाही.

बाबांनी डावऱ्याकडून जोर मारून घेतले, तेव्हा माझ्या बरगड्यांना कुणी हात लावून बघितला नाही. तू उपाशी राहतोस, त्याने त्याचा पाय हलत नाही.

माझ्या पाठीची चकती सरकली आहे. हे कुणाला सांगितलं नव्हतं. दोन महिने झाले, त्याला उचलता येत नाही. चादरीवर घेऊन ओढते. मागच्या आठवड्यात न्हाणीत माझ्या हातून सुटला आणि कपाळ आपटलं त्याचं. बाकीच्यांना म्हणाले, घसरला. मी आणखी वर्षभर कसंबसं ओढेन, मग तो संस्थेत जाईल, आणि तिथे पाठीला जखमा होऊन मरेल. कधी कधी वाटतं, होऊ दे. आणि मग स्वतःचीच भीती वाटते.

मला तुझा आत्मा काय करायचाय? तुझे हात पाहिजेत. पहाटे उठून हवी तेवढी प्रार्थना कर, गुडघे झिजव, कोण नको म्हणतंय! पण सात वाजता त्याला पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवायचं आणि रात्री खुर्चीतून पलंगावर. रोज. देवाला देह वाहायचा असेल तर असा वाहा, कामाला येईल.

डॉक्टर म्हणतात, एकदम काही खायचं नाही, जिवावर बेतेल. सुरुवात सलाईनने, मग चमच्याने पातळ सूप, त्यांच्या देखरेखीखाली. चमचा टेबलावर आहे.

मी सकाळच्या गाडीने निघते.

ताई


१९ जून, गुरुवार

टिल्ल्या,

बाबांना सांगितलं. सगळं, दोघांचंही. ते खुर्चीत बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर काठी बाजूला ठेवली, खाली उतरले आणि जमिनीवर हात टेकून जोर मारायला लागले. ऐंशी वर्षांचा माणूस. पहिलाच धड होईना, हनुवटी फरशीवर आपटली, दातांतून रक्त आलं, तरी पुन्हा टेकले. मी त्यांच्या काखेत हात घालून वर काढलं. म्हटलं, 'बाबा, पुरे. यातून मला कधीच काही मिळालं नाही.' तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, 'कुठे कुठे लागलं होतं गं तुला?' चौदा वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी दाखवत गेले. ते बघत राहिले.

रविवारी मंडळीपुढे उभी राहून सांगणार आहे. त्याआधी पोलीस ठाण्यात. काय लिहायचं ते लिहोत.

आज दुपारी कारभारीण बाईंचा फोन आला. काल संध्याकाळी तू सलाईन लावून घेतलंस. सकाळी चार चमचे सूप घेतलंस, त्यातले दोन उलटले, दोन राहिले. आणि म्हणे विचारलंस, त्याचं वजन किती आहे?

बहात्तर किलो.

फोन ठेवून मी डावऱ्याजवळ बसले. त्याला म्हटलं, तुझं नऊ बरोबर होतं. मी मुद्दाम केलं, धाकट्यालाही ठाऊक होतं. तो पापणी न हलवता ऐकत होता. मग म्हटलं, तो येतोय, आता तोच तुला उचलेल. त्याचा डावा हात पलंगाच्या कडेला गेला आणि कडा घट्ट धरून राहिला. बराच वेळ ओठ हलले तेव्हा कुठे शब्द आला. 'पाडेल.'

मी म्हटलं, नाही पाडणार.

'पाडेल,' पुन्हा म्हणाला. डोळ्यांतून पाणी आलं, आणि खाली चादर ओली झाली.

या माणसाला एकदा तरी घाबरलेला बघायचं, ही माझी किती वर्षांची इच्छा होती. आज बघितला. चादर बदलली, त्याचं अंग पुसलं, आणि तो झोपेपर्यंत हात धरून बसले, कारण त्याची भीती जाईना आणि मला ती बघवेना.

तेव्हा घाई करू नकोस. दोन महिने लागोत, तीन लागोत, मी ओढते तोवर. डॉक्टर देतील ते खा, चालायला लाग, मग जिने चढ, मग वजनं उचल. त्याला उचलताना तुझे हात थरथरता कामा नयेत.

ताई